दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदला : यातून नक्की कुणाचं भलं होतं?

पागोळी
आमच्या ऑफिसात (चिंचवड, मी अकाउंट्सला) लॉगिनचा पासवर्ड दर ४५ दिवसांनी बदलावा लागतो. किमान बारा अक्षरं, त्यात एक मोठं इंग्रजी अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि आधीच्या कुठल्याही पासवर्डशी जुळता कामा नये. शिवाय ईआरपीचा (कंपनीचे सगळे व्यवहार ज्यात नोंदवतो ते सॉफ्टवेअर) वेगळा, पगाराच्या पोर्टलचा वेगळा, बँकेच्या कॉर्पोरेट लॉगिनचा वेगळा. प्रत्येकाची मुदत वेगळ्या दिवशी संपते, आणि ती हटकून महिनाअखेरीला, साहेब डोक्यावर उभे असताना संपते.

परिणाम काय? आमच्या सेक्शनचे पासवर्ड सणावारांवर चालतात. श्रावण, मग गणपती, मग दसरा, पुढे अ‍ॅट आणि साल. शेजारच्या टेबलावरच्या काकांचा आजचा पासवर्ड मला पंचांग बघून सांगता येईल. एक मॅडम कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवतात.

तर प्रश्न असा की याने खरंच सुरक्षा वाढते का? आयटीवाल्यांना विचारलं की "पॉलिसी आहे" एवढंच उत्तर येतं. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय.

आणखी एक वैताग. बँकेच्या साइटवर नवीन लाभार्थी टाकताना खाते क्रमांक पेस्ट करू देत नाहीत. हाताने दोनदा टाइप करायचा. का बरं?

टिचकी
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहीन. पेस्टबद्दल मला बरंच बोलायचंय.

निवांत_नागपुरी
आमच्याकडे एका भाऊंनी यावर जालीम उपाय काढला होता. मुदत संपली की एकाच बैठकीत पासवर्ड बदलत बदलत जायचं, जुन्याची आठवण सिस्टिममधून पुसली गेली की परत मूळ पासवर्ड लावायचा. चांगली दोन वर्षं चाललं बाप्पा!

सर्व्हररूमचा_वेताळ
@निवांत, म्हणूनच विंडोजमध्ये "किमान वय" नावाची सेटिंग असते. आज बदललेला पासवर्ड उद्यापर्यंत परत बदलता येत नाही, आणि मागचे २४ पर्यंत लक्षात ठेवता येतात. तुमच्या भाऊंना आता महिना लागेल.

बाकी मी आयटीवालाच आहे, त्यामुळे जोडे तयार ठेवा. पण आम्हाला हौस नाही हो. मोठ्या ग्राहकाकडून सुरक्षेची प्रश्नावली येते, त्यात रकाना असतो: पासवर्ड किती दिवसांनी बदलता? सायबर विमा घ्यायला जा, त्या फॉर्मवर तोच प्रश्न. ऑडिटर येतो, त्याच्या यादीतही तोच. तिथे "बदलत नाही" असं लिहिलं की आधी माझा फोन वाजतो, मग माझ्या साहेबांचा. ४५ लिहिलं की कुणी काही विचारत नाही. कार्डांची माहिती हाताळणाऱ्यांना तर पीसीआयच्या नियमांत ९० दिवस चक्क लिहूनच दिलेत.

दुसरं म्हणजे, ताईंनी स्वतःच लिहिलंय की शेजारच्यांचा पासवर्ड त्यांना माहीत आहे. ऑफिसात पासवर्ड वाटले जातात. रजेवर जाताना "माझा घे आणि एंट्री मार" हे सर्रास चालतं. मुदत असली की निदान ती वाटणी कधीतरी संपते.

मावशी_बोलतेय
वाचतेय. मी निवृत्त आहे, पेन्शन बँकेत जमा होते. माझे सगळे पासवर्ड डायरीत आहेत आणि डायरी लोखंडी कपाटात, शालूच्या घडीत. मुलगा ओरडतो. चोर आला तर तो शालू नेईल, डायरी वाचत बसणार आहे का?

तळटीप
@मावशी, मुलाला सांगा की ब्रूस श्नायरसारख्या नामांकित सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्येच हेच सांगितलं होतं: चांगला, लांब पासवर्ड कागदावर लिहा आणि कागद पाकिटात ठेवा. आपला धोका इंटरनेटवरून येतो, कपाटातून नाही. फक्त ऑफिसातल्या कॅलेंडरच्या मागे लिहू नका, तिथे दिवसभरात वीस माणसं येऊन जातात.

आता मूळ प्रश्न. हा नियम आला कुठून? अमेरिकेत निस्ट म्हणून मानकं ठरवणारी सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डांविषयी मार्गदर्शिका लिहिली. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, ठरावीक काळाने बदल, हे सगळं त्यातून जगभर पसरलं. हाताशी फारसा पुरावा नव्हता, उपलब्ध होतं त्यावर काम भागवलं गेलं. २०१७ मध्ये याच गृहस्थांनी वॉल स्ट्रीट जर्नलला मुलाखत देऊन, आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो असं सांगितलं. त्याच वर्षी निस्टने नवी मार्गदर्शिका काढली: विनाकारण ठरावीक मुदतीने बदल मागू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांबी वाढवू द्या, पेस्ट करू द्या, आणि नवा पासवर्ड आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का ते तपासा. पासवर्ड फुटल्याचा पुरावा मिळाला तर मात्र लगेच बदलायला लावा.

पुराव्याचं म्हणाल तर २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी बाद झालेले खरे पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड हाती असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षाही कमी प्रयत्नांत ओळखता आला. ताईंचं पंचांगशास्त्र म्हणजे हेच. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली.

@वेताळ, पीसीआय नीट वाचा. ते ९० दिवस, जिथे पासवर्ड हा एकच अडसर आहे तिथे लागू. सोबत दुसरा घटक, म्हणजे फोनवरचा कोड वगैरे असेल, तर ती सक्ती नाही.

सर्व्हररूमचा_वेताळ
वाचलंय हो साहेब, पाठ आहे. ऑडिटरने वाचलेलं नाही, तिथे माझी गाडी अडते. त्याच्या हातात एक्सेल असते आणि त्या एक्सेलमध्ये खाली दोनच पर्याय, होय आणि नाही.

अर्धा_चहा
+१. ऑडिटरच्या एक्सेलवर वेगळा धागा काढा.

टिचकी
हं, आलो. मी अशी पोर्टलं बनवणाऱ्या कंपनीत होतो, त्यामुळे पेस्ट का बंद असतं ते आतून पाहिलंय. बहुतेक वेळा कुणी विचार केलेलाच नसतो. जुन्या प्रोजेक्टच्या कागदांत एक ओळ असते, "पेस्ट चालू नये", ती नव्या प्रोजेक्टच्या कागदांत जशीच्या तशी उतरते. (ती ओळ कागदावर पेस्टच केलेली असते, ही त्यातली गंमत.) मग टेस्टिंगवाला तपासतो, पेस्ट झालं की बग नोंदवतो. प्रोग्रामरने ते दोन ओळींत बंद करायचं आणि घरी जायचं.

खाते क्रमांकाचं मात्र थोडं कारण आहे. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे केवळ खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळतंय का हे बघायची पद्धतच नव्हती. एक आकडा चुकला की पैसे भलत्याच्या खात्यात. तेव्हा, एकदा चुकलेलं पेस्ट दुसऱ्या रकान्यातही तसंच चुकीचं जाईल, हाताने टाइप केलं तर दोनदा तीच चूक होणार नाही, असा तो हिशेब. पण पार्टीने मेलवर पाठवलेला क्रमांक उचलून चिकटवण्यापेक्षा सोळा आकडे डोळ्यांनी वाचून टाइप करण्यात चूक जास्त होते, हे अकाउंट्सच्या माणसाला सांगायला नको. खरा इलाज होता नाव दाखवणं. रिझर्व्ह बँकेने तसं फर्मान काढलं आणि १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना ती सोय द्यायला सांगितली. खातेदाराचं नाव समोर आल्यावर दोनदा टाइप करण्यात काय हशील आहे?

पासवर्डचं पेस्ट अडवणं तर शुद्ध वेडेपणा. पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड साठवून ठेवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याचा वीस अक्षरी पासवर्ड तुम्ही हाताने टाइप करायला लावता, तो कंटाळून आठ अक्षरी करतो. पुढच्या दाराला तीन कुलपं लावायची आणि परसदार उघडं टाकायचं, असला प्रकार.

गोंयकार_बाब
पेस्टवर उपाय लिहून घ्या. फायरफॉक्सात पत्त्याच्या जागी अबाउट-कॉन्फिग टाकून सेटिंगचं पान उघडा, 'क्लिपबोर्डइव्हेंट्स' शोधा, एनेबल्ड लिहिलंय ते फॉल्स करा. मग साइटला तुम्ही पेस्ट केल्याचा पत्ताच लागत नाही. काम झालं की परत ट्रू करा, नाहीतर ऑनलाइन दस्तऐवजांत कॉपी-पेस्ट विचित्र वागतं.

पागोळी
@गोंयकार_बाब, देव तुमचं भलं करो! पण आमच्या ऑफिसात फायरफॉक्स टाकायला परवानगी नाही. 😐

गोंयकार_बाब
मग निवांत टाइप करा आनी किदें!

सांगलीकर_सीए
ब्राउजरचा विषय निघालाच आहे तर माझीही भडास ऐका. आम्हा लोकांचा संसार डिजिटल सहीच्या डोंगलवर (पेनड्राइव्हसारखी यूएसबीची किल्ली, तिच्यात सही असते) चालतो. प्रत्येक क्लायंटच्या डायरेक्टरचा एक डोंगल, त्यावर नावाची चिकटपट्टी, सगळे एका बिस्किटाच्या डब्यात. एकेकाळी ही सही ब्राउजरमधल्या जावाच्या तुकड्यातून व्हायची. २०१५ मध्ये क्रोमने तसले प्लगइन बंद केले, २०१७ मध्ये फायरफॉक्सने. तरी कित्येक पोर्टलं नंतर वर्षानुवर्षं "इंटरनेट एक्स्प्लोरर वापरा" म्हणून बसलेली. आता काय, तर सही करणारा एक छोटा प्रोग्राम आपल्याच मशीनवर उतरवायचा, तो पाठीमागे चालू ठेवायचा, ब्राउजर त्याच्याशी गुपचूप बोलणार. प्रत्येक पोर्टलचा प्रोग्राम वेगळा. एक चालू असेल तर दुसरा रुसतो. अँटीव्हायरसला दोघंही चोर वाटतात.

शेवटच्या तारखेला रात्री साडेदहाचं दृश्य सांगते. डायरेक्टर फोनवर, ओटीपी त्यांच्या फोनवर, ते लग्नाच्या हॉलमध्ये, मागे बँड. त्यांनी ओटीपी ओरडून सांगितला, मी टाकला, सही करायला डोंगलचा पिन टाकला, आणि स्क्रीनवर आलं "तुमचे सत्र संपले आहे". पुन्हा कॅप्चापासून. त्या कॅप्चात शून्य की ओ, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पासवर्ड-बिसवर्ड त्यामानाने फारच किरकोळ हो.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, त्या डब्यातले डोंगल तुमच्याकडे का असतात? कायद्याने सही करणाऱ्याच्याच ताब्यात असायला पाहिजेत ना? (ह.घ्या.)

सांगलीकर_सीए
हलकं घेतलं. पण डोंगल डायरेक्टरकडे दिला तर तो पुढच्या महिन्यात सापडतो का ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

तळटीप
एक्स्प्लोरर अधिकृतपणे १५ जून २०२२ ला थांबलं. पण त्याचं भूत मायक्रोसॉफ्टच्याच एज या नव्या ब्राउजरच्या पोटात 'आयई मोड' म्हणून अजून आहे, आणि निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. एवढी वर्षं कुणासाठी? सीएताईंच्या पोर्टलांसारख्यांसाठीच.

"अमुक ब्राउजरच वापरा" ही दमदाटी तशी फसवीच असते. साइट ब्राउजरला नाव विचारते आणि ब्राउजर सरळ खोटं सांगतो. क्रोमने पाठवलेली ओळख वाचा: सुरुवातीला मोझिला, पुढे अ‍ॅपलवेबकिट, मग 'गेकोसारखा', शेवटी सफारी. सगळ्यांची नावं आहेत, कारण नव्वदच्या दशकापासून जो तो आधीच्या लोकप्रिय ब्राउजरचं नाव सांगून आत शिरत आला. ऑपेराची आवृत्ती १० आली तेव्हा (२००९) साइटी दोन आकडी क्रमांकातला पहिलाच आकडा वाचायच्या आणि "आवृत्ती १ फार जुनी आहे" म्हणून हाकलायच्या. शेवटी ऑपेराने आपण ९.८० आहोत असं सांगायला सुरुवात केली. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीला पोचले तेव्हाही असल्याच साइटी बिघडणार म्हणून आधीपासून चाचण्या घ्याव्या लागल्या.

अर्धा_चहा
म्हणजे सगळेच दुसऱ्याच्या पासवर आत शिरलेत. आणि ऑफिसात आम्हालाच ओळखपत्र दाखवायला लावतात.

मळ्यातला_मास्तर
अवांतर, पण राहवत नाही. शिक्षक आहे. वरून एका खात्याचं परिपत्रक येतं, पीडीएफ. त्यातला एक परिच्छेद शाळेच्या सूचनेत घ्यायचा म्हणून कॉपी केला की नुसती इंग्रजी अक्षरं पडतात. 'मराठी' या शब्दाच्या जागी 'ई, जे, के, बी, एच'. आज इतक्या वर्षांनंतर हे का होतं? पूर्ण पान पुन्हा टाइप करतो. वरून तेच पान परत मागवतात, "एक्सेलमध्ये भरून पाठवा" म्हणून.

टिचकी
मास्तर, तुमचं परिपत्रक कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालंय. तिथे फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत) १९९१ पासून देवनागरी आहे, पण टायपिस्टची बोटं जुन्या कळफलकावर बसलेली आणि कार्यालयात वर्षानुवर्षांच्या फाइली त्याच फॉन्टमध्ये, म्हणून ते सुटत नाही. नेटवर रूपांतर करणारी पानं आहेत, त्यात टाका. पण नंतर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा, तिथेच घोळ होतो.

यातून आणखी एक तोटा होतो, तो कुणाच्या लक्षात येत नाही. असली परिपत्रकं शोधून सापडत नाहीत. गूगलला त्यात मराठी दिसतच नाही.

मळ्यातला_मास्तर
रूपांतर केलं. 'शिक्षक' चा 'शक्षिक' झाला. बाकी उत्तम. आभारी आहे.

कळफलक_कुमारी
@टिचकी, युनिकोड आलं तरी आपला ल आणि श कुठे मिळतो? विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये हिंदी वळणाचेच येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा तर तसा फॉन्ट शोधा, किंवा पानाची भाषा मराठी आहे असं वेबसाइटवाल्याने नीट लिहिलेलं असलं पाहिजे, मग काही फॉन्ट आपोआप मराठी वळण देतात. ते लिहायचे कष्ट घेतो कोण? मराठी वर्तमानपत्रांच्या साइटींवरही मी हिंदी ल बघितलाय.

निवांत_नागपुरी
पासवर्डापासून ल पर्यंत आलो. आता लोणच्यावर कधी जायचं?

मावशी_बोलतेय
मला एक सांगा कुणीतरी. मुलगा म्हणतो फोनमध्येच पासवर्ड साठव, ब्राउजर विचारतो तेव्हा 'सेव्ह' म्हण. ते चांगलं का माझी डायरी चांगली?

सर्व्हररूमचा_वेताळ
मावशी, दोन्ही ठेवा. ब्राउजरमध्ये साठवण्याचा मोठा फायदा असा की खोट्या साइटवर तो पासवर्ड भरतच नाही, कारण पत्ता जुळत नाही. हुबेहूब बँकेसारखं पान समोर आलं तर तुमचे-माझे डोळे फसतील, तो नाही फसत. "नेहमी आपोआप भरतो, आज का भरत नाही?" असं झालं की थांबा आणि वरचा पत्ता वाचा. फक्त फोनला कुलूप हवं, आणि तो नातवंडांच्या हाती सताड उघडा देऊ नका. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड डायरीत असू द्या. मेलचा खास जपा, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येतात.

मावशी_बोलतेय
हे असं समजावून मुलाने कधी सांगितलं नाही. तो फोन हातातून ओढून घेतो आणि स्वतःच करतो.

वऱ्हाडी_ठेचा
वेताळभाऊ, इथे एवढं गोड बोलता, ऑफिसात फोन केला तर "रिस्टार्ट केलं का?" एवढंच का म्हणता?

सर्व्हररूमचा_वेताळ
कारण दहातल्या सात जणांनी केलेलं नसतं.

पागोळी
धाग्याचं चीज झालं, सगळ्यांचे आभार. आता पुढची हकिकत.

@तळटीप यांनी लिहिलेलं एका पानावर काढून आमच्या आयटीच्या साहेबांना नेऊन दाखवलं. ते शांतपणे वाचून म्हणाले, "मला हे सगळं मान्य आहे." मी उडालेच. त्यांचं म्हणणं थोडक्यात वेताळ म्हणतात तेच. ४५ हा आकडा एका ग्राहकाच्या करारात आहे, तो करार एप्रिलमध्ये नवा होतोय. तेव्हा फोनवर कोड दाखवणारं अ‍ॅप सगळ्यांना लावणार आणि मुदत वर्षाची करणार. ईआरपीचं मात्र काही होणार नाही, कारण ते ज्यांनी बनवलं त्यांनी मुदत आतच ठोकून बसवलीय आणि बदलायचे वेगळे पैसे मागतात.

सेक्शनमध्ये सांगितलं तर आनंद राहिला बाजूला, नवीनच भांडण पेटलं. स्वतःच्या फोनवर कंपनीचं अ‍ॅप का घ्यायचं? कंपनी आमचे फोटो बघेल, मेसेज वाचेल.

टिचकी
नुसतं कोड दाखवणारं अ‍ॅप असेल तर घाबरू नका. ते फोनमधलं घड्याळ आणि सुरुवातीला स्कॅन केलेली एक गुप्त संख्या एवढ्यावर दर तीस सेकंदांनी नवा आकडा काढतं. नेटसुद्धा लागत नाही, विमानातही चालतं. ओटीपीच्या मेसेजपेक्षा बरं, रेंज नसली तरी अडत नाही. पण "तुमचा फोन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली नोंदवा" असं आलं तर सही करण्याआधी वाचा. त्यात काही ठिकाणी कंपनीला फोन दुरून पुसून टाकायचा अधिकार मिळतो.

वऱ्हाडी_ठेचा
मी तर म्हणतो, कंपनीला पाहिजे तर कंपनीने फोन द्यावा. साधा मुद्दा आहे.

सर्व्हररूमचा_वेताळ
मुद्दा साधा आहे, बजेट नाही. ज्यांना स्वतःचा फोन वापरायचा नाही त्यांना यूएसबीची सुरक्षा-किल्ली देता येते. मशीनला लावायची, बोट टेकवायचं, झालं. खोट्या साइटवर तीही चालत नाही, म्हणजे कोडापेक्षा काकणभर सरस.

पागोळी
हे बरं सुचवलंत. पंचांगवाल्या काकांकडे बटणांचाच फोन आहे, त्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. विचारलं त्यांना. किल्ली चालेल म्हणाले, पण मशीनचा डबा टेबलाखाली आहे आणि त्यांना वाकवत नाही, तर वर टेबलापर्यंत येणारी एक यूएसबीची वायर हवी. ती वायर आयटीच्या बजेटमधून घ्यायची की अकाउंट्सच्या, यावर सध्या मेलामेली चालू आहे. सीसीमध्ये आत्तापर्यंत अकरा जण झालेत.